बॉरो, लेंड आणि ठमीकाकूचा टोप

बोईसर,
मंगळवार, ४ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार. म्हणजे मनातून. या खोलीत साष्टांग घातला तर पाय जिन्यात जातात.

मोबाइल चिंचणीच्या समुद्रात पडला तेव्हा तूच म्हणालीस, आता पत्रं लिही, निदान शुद्धलेखन सुधारेल. म्हणून लिहितोय. ठमीकाकू सातपाटीहून रोज इथल्या बाजारात मासे विकायला येते, तिच्या पाटीत हे पत्र टाकीन, दोन पिशव्यांत गुंडाळून. वास आला तर तो पापलेटचा समज, माझ्या विचारांचा नाही.

बातमी अशी की मी इंग्रजीचा सर झालोय. हसू नकोस, आधी वाच. स्टेशनजवळ एक इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास आहे. मला तिथे भिंतींवर जाहिराती चिकटवायला आणि संध्याकाळी पंखे लावायला ठेवलं होतं. खरे सर आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गावी गेले आणि जाताना म्हणाले, "भावेश, मी येईपर्यंत यांना बसवून ठेव." मी बसवून ठेवले. पण कारखान्यातून दमून आलेली मोठी माणसं नुसती किती बसणार? एकाने पुस्तक उघडलं, दुसऱ्याने शंका विचारली, मी उत्तर दिलं. झालो सर. खडू हातात आला की माणूस आपोआप बेधडक बोलायला लागतो. तुला माहीतच आहे, तूही शाळेत शिकवतेस.

थांब, खाली एक बैल एटीएममध्ये शिरलाय. बघून येतो.

आलो. त्याला काही मिळालं नाही. हां, तर शंका. पुस्तकात लिहिलंय, लेंड म्हणजे उसने देणे, बॉरो म्हणजे उसने घेणे. आता मला सांग, वस्तू एक, दार एक, वेळ एक. एक माणूस दाराच्या आत, एक बाहेर. मग शब्द दोन कशाला? वर लेंड म्हटलं की मागचा बाक फिदीफिदी हसतो. तिथे चिंतू बसतो, टेम्पोवाला. त्याने विचारलं, "सर, आणि मी उंबरठ्यावरच उभा असलो तर?" मी म्हटलं, हे शुक्रवारी घेऊ.

तर शुक्रवारच्या आत कळव. तूच एक घरातली शिकलेली. बाबांना सांग, मी त्यांच्या मासेमारीच्या बोटीवर यायच्या लायकीचा अजून झालो नाही.

तुझा,
भावेश (सर)


सातपाटी,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

भाव्या,

पत्र मिळालं. वास पापलेटचा नव्हता, बोंबलाचा होता. विचारांबद्दल मी काही बोलत नाही.

नीट वाच, दोनदा वाच आणि फळ्यावर असंच लिही. वाक्यात जो कर्ता आहे त्याच्या हाताकडे बघायचं. वस्तू त्याच्या हातातून जात असेल तर लेंड. त्याच्या हातात येत असेल तर बॉरो. लेंडनंतर टू लागतं, ज्याला दिलं त्याच्यासाठी. बॉरोनंतर फ्रॉम, ज्याच्याकडून घेतलं त्याच्यासाठी. माझ्या वर्गातली पोरं रोज म्हणतात, "टीचर, मे आय लेंड युअर पेन?" मी म्हणते, "दे की, कुणाला देतोस माझं पेन?" मग त्यांची ट्यूब पेटते. उंबरठ्यावर उभं राहणाऱ्याला सांग, आत ये नाहीतर बाहेर जा, इंग्रजीत मधे उभं राहायची सोय नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही शब्दांच्या पोटात एक अट आहे: वस्तू परत येते. परत यायची नसेल तर ते गिव्ह आणि टेक.

आता परत येण्याच्या वस्तूबद्दल. तुझ्या अख्ख्या पत्रात टोपाबद्दल एक अक्षर नाही. गेल्या महिन्यात तुझ्या त्या चिंचणीच्या सहलीला कोलंबीभात करायचा होता म्हणून ठमीकाकूकडून तिचा पितळी टोप मी शब्द टाकून मिळवून दिला. तो टोप म्हणजे भांडं नाही, तो आमच्या आळीचा भटजी आहे. त्याच्याशिवाय इथे कुणाची हळद झालेली नाही. माझी हळद १ मार्चला आहे, लग्न दोनला. आणि ठमीकाकू नुसती मासेवाली नाही हे विसरू नकोस. ती धवलारीण आहे, लग्नविधींची गाणी तीच म्हणते. तिने धवले गायले नाहीत तर हळदीला हात कोण लावणार? काल ती ओट्यावर बसून म्हणाली, "टोप नाय तर धवला नाय. आमी मुकी बसू." आई रात्री जेवली नाही.

दातिवऱ्याची माणसं, म्हणजे मिथुनकडची, तशी साधी आहेत. पण त्याची माहीमची मंगळीआत्या आहे ना, ती साखरपुड्यालाच आमचे चमचे मोजून गेली. तिच्यासमोर धवल्याशिवाय हळद झाली तर मी दातिवऱ्याला जन्मभर मान खाली घालून राहीन.

आणि तू माझा एकुलता एक भाऊ. नवरदेवाचा कान पिळायला दुसरा कोण आहे? बाबा बोटीचं म्हणतात ते म्हणू देत. तू ये. टोप घेऊन ये.

प्रतीक्षा


बोईसर,
सोमवार, १० फेब्रुवारी

ताई,

क्या बात! हाताचा नियम सांगितला आणि वर्ग असा शांत झाला की पंखा ऐकू आला. मग शंकांचा पूर आला. त्या तशाच्या तशा पाठवतोय, कारण उत्तरं मला येत नाहीत आणि तसं तोंडावर सांगता येत नाही.

एक. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली. परत देताना तीच साखर नसते, दुसरी असते. पहिली चहात गेली. मग हे बॉरो झालं का?

मीठ. तिन्हीसांजेला मीठ कुणाला देत नाहीत. म्हणजे लेंड सकाळी चालू आणि संध्याकाळी बंद, असं काही इंग्रजीत आहे का?

आणि विरजण! हे रामकिसनने विचारलं. रामकिसन हिंगोलीकडचा, कारखान्यात पॅकिंगला आहे, गळ्यात माळ, फार सज्जन. तो म्हणाला, "सर, आमच्या मंडळींनी इथं आल्यावर शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं. त्याला सहा वर्षं झाली. त्याच विरजणाचं दही अजून लागतंय. आता ते माघारी द्यायचं म्हणलं तर कोणतं द्यावं?" वर्गात दोन तट पडले. एक म्हणे बॉरो, एक म्हणे टेक. चिंतू म्हणाला, ते दहीच आपल्याला बॉरो करून बसलंय. क्लास सुटला तरी जिन्यात भांडण चालू होतं. इतकं इंग्रजी या क्लासात आजवर कुणी बोललं नसेल. म्हणजे भांडण मराठी-हिंदीतच होतं, पण दोन शब्द इंग्रजी होते.

एका विद्यार्थ्याची अजून एक शंका आहे. नाव आठवत नाही. तो विचारत होता, की बॉरो केलेली वस्तू आपण पुढे लेंड करू शकतो का? म्हणजे व्याकरणाने. बाकी कशाने नाही, नुसतं व्याकरणाने.

टोप अगदी सुरक्षित आहे. काळजी करू नकोस. इतका सुरक्षित तो सातपाटीत कधी नव्हता. आता जिथे आहे तिथे त्याला चांगली माणसं भेटलीत.

आज इथे हवेला कच्च्या कैरीचा वास आहे. झाड एकही नाही. असो.

तुझा,
भावेश


सातपाटी,
बुधवार, १२ फेब्रुवारी

भाव्या,

"चांगली माणसं भेटलीत" म्हणजे काय? टोप काय वसतिगृहात आहे का?

तो नाव न आठवणारा विद्यार्थी तूच आहेस, हे मला पहिल्या ओळीला कळलं. उत्तर ऐक. व्याकरणाने चालतं. माणुसकीने चालत नाही. टोप कुणाला दिलास ते सरळ लिही.

साखरेचं उत्तर: हो, बॉरोच. मिठाचं उत्तर: गप्प बस. विरजणाचं मला येत नाही. मी दोन दिवस त्याचाच विचार करतेय आणि त्यासाठी तुझा वेगळा राग आलाय. शाळेत मोठ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लग्न जवळ आलं की असं होतं."

आता वाईट बातमी. ठमीकाकूने तुझं पत्र बसमध्ये एका कॉलेजच्या मुलीकडून वाचून घेतलं. तिला वाचता येत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो, पण तिला विचारता येतं. अख्ख्या बसने ऐकलं. पालघरला उतरताना कंडक्टर तिला म्हणाला म्हणे, "मावशी, विरजण ते बॉरोच." आता ती माझ्यासमोर बसलीये आणि पुढचं सांगतेय ते मी तसंच लिहितेय:

"भावेश, आमी ठमी. तुज्या पत्रात माजं नाव नाय, माज्या टोपाचं हाय. त्यो टोप माज्या लेकाच्या बारशाचा हाय. त्यात आमी दुसऱ्या कुनाला साधा भात पन घालू दिला नाय. तू कुनाला दिलास? बाजारात पाटीत पत्र टाकून तू रिक्षाच्या मागं लपतोस, त्ये मला दिसतं. रिक्षा हलते, तू नाय हलत. बोल, टोप कुटं हाय? नायतर आमी स्वता येऊ."

ती येईल, भाव्या. तिने नवी कोयती घेतलीये. मासे कापायला घेतलीये, पण घेतलीये.

प्रतीक्षा


बोईसर,
शनिवार, १५ फेब्रुवारी

ताई, (आणि ठमीकाकू, आणि बसमधले सर्व प्रवासी,)

सांगतो.

सहलीहून आल्यावर टोप क्लासच्या कोपऱ्यात ठेवला होता. त्याच आठवड्यात रामकिसनच्या चाळीत सप्ताह होता. त्याने टोप पाहिला आणि उभा राहून, सगळ्या वर्गासमोर, आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य बोलला: "सर, आय वाँट लेंड धिस." चूक होतं, पण तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं. त्याचा घाम बघून माझ्या तोंडून "येस" निघून गेलं. मास्तर माणूस पहिल्या वाक्याला नाही म्हणतो का? तूच सांग.

सप्ताहाची पंगत जोरात झाली. मी चार वेळा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी टोप आणायला गेलो तर त्याची बायको, राहीबाई, दारात आडवी. "आवो सर, मोकळं भांडं माघारी कसं द्यावं मानसानं? लोक म्हनतील, हिंगोलीकडची मानसं कोरडीच." मी म्हटलं, मग टाका मूठभर तांदूळ आणि द्या. तर म्हणाली, "एवढ्या मोठ्या टोपात मूठभर? त्यापरीस मोकळा बरा."

तर तिचा भाऊ गावाकडून नवी ज्वारी घेऊन येणार आहे. टोप भरेल इतकी. ज्वारी निघाली की येणार. ज्वारी अजून उभी आहे.

टोपाला काही त्रास नाही. उलट माळकऱ्याच्या घरात कोलंबीचा टोप कसा चालायचा म्हणून त्यांनी तो चिंच लावून घासला. मग राख. मग कल्हईवाला शोधून आतून कल्हई केली. ताई, तुला ओळखू येणार नाही. आपण जन्मभर ज्याला काळा समजत होतो तो पिवळा आहे! बाहेरून इतका चकचकतो की राहीबाईंची मुलगी त्यात बघून वेणी घालते.

मी रोज जातो. रोज चहा मिळतो, टोप मिळत नाही. भांडता येत नाही गं. ती माणसं मला लुबाडत नाहीयेत, सन्मान करतायत. चोराकडून वस्तू सोडवता येते. सन्मान करणाऱ्याकडून कशी सोडवायची, हे तुझ्या कुठल्या पुस्तकात आहे?

काकूला कोयती ठेवून यायला सांग.

भावेश


सातपाटी,
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

भाव्या,

काकू काल तुझ्या त्या रामकिसनच्या घरी जाऊन आली. तुला कळलंच असेल, किंवा तू कुठल्यातरी रिक्षाच्या मागे असशील.

गेली ती पदर खोचून. आली ती ओटी भरून. ओटीत नवा खण, कपाळाला मळवट, पिशवीत उरलेल्या तिळगुळाचा डबा. आई म्हणाली, "ठमे, टोप?" तर काकू ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "नाय आनला. त्या बाईचं बरोबर हाय. रिकामा टोप आमी घेतला नसता." मग जरा वेळाने म्हणाली, "लय सोजवल बाई. माजी पाटी दाराभाईर ठेवली व्हती, मांजरानं एक पापलेट नेला, तर ती मला त्या पापलेटाचं पन कायतरी भरून देत व्हती."

मला वाटलं, सुटलो. मी म्हटलं, "मग काकू, धवला?" तर डोळे वटारून, "त्ये येगलं. टोप भरून दारात आला की आमी तोंड उघडू. कसा आनायचा त्यो तुमचा परश्न."

म्हणजे आता टोप रिकामा येऊ शकत नाही, भरलेला येऊ शकत नाही, आणि न येऊन चालत नाही. आठवडा उरलाय. बाबा म्हणाले, भात अॅल्युमिनियमच्या डेगीत करू. आई म्हणाली, धवला पण डेगीकडूनच म्हणून घ्या. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत आणि मधे मी निरोप नेते. "आईला सांग मीठ कमी आहे." लग्नघर म्हणे.

परवा आई शेजारणीला सांगत होती, "पोरगी दातिवऱ्याला दिली." दिली! मी रात्रभर तुझ्या त्या शब्दांचाच विचार करत बसले. मला लेंड करतायत की गिव्ह? तू लग्गेच टोपाशी तुलना करशील म्हणून आधीच सांगते, मी टोप नाही.

एक खरं सांगू का? काकू काहीही म्हणो, नुसता टोप येऊन माझं भागणार नाही. मिथुनचा कान पिळायला बाबांनी शेजारच्या नरहरीला विचारून ठेवलंय. नरहरी साठ वर्षांचा आहे आणि त्याचा हात कापतो. माझ्या लग्नात माझा भाऊ उभा पाहिजे. बाबा तुला बोटीवर चढवतील या भीतीने तू येणार नाहीस, हे मला साखरपुड्यापासून माहीत आहे. इंग्रजी, बैल, विरजण, सगळं त्यासाठीच चाललंय तुझं.

ये.

ताई


बोईसर,
गुरुवार, २७ फेब्रुवारी

ताई,

घाईत. राहीबाईंच्या भावाचा निरोप आला. ज्वारीची मळणी लांबली, पुढच्या आठवड्यात येतो म्हणे. राहीबाई रडल्या. मलाच त्यांची समजूत घालावी लागली. मी एक उपाय सुचवलाय. त्यांना आधी पटला नाही, मग हसू आलं, मग पटला. चिंतूचा छोटा हत्ती टेम्पो ठरवलाय. टोप भरून येईल, एवढंच सांगतो.

कान पिळायचा सराव करतोय. क्लासमध्ये सगळ्यांनी कान दिले. लेंड केले. मी बॉरो केले. पाहा, आता वाक्य चुकत नाही.

बाकी एक गंमत. घासल्यावर टोपाच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव निघालंय: "मंगळी, माहीम." ठमीकाकूचं नाव मंगळी कधीपासून?

भावेश


बोईसर,
बुधवार, ५ मार्च

ताई,

हे पत्र तिकीट लावून दातिवऱ्याला टाकतोय, तुझ्या सासरच्या पत्त्यावर पहिलंच.

लग्नात आपलं बोलणंच झालं नाही. तू आत हळदीच्या तयारीत, मग मांडवात, मग रडण्यात. मी लगेच निघालो कारण सर आले होते. त्यामुळे हळदीच्या दिवशी बाहेर काय झालं ते तुला तुकड्या-तुकड्याने कळलं असेल, तेही बाबांकडून, आणि बाबा ते सांगताना दर वेळी टोप मोठा करतात. खरं असं झालं.

राहीबाईंचं म्हणणं एकच होतं, टोप भरलेला दिसला पाहिजे. मी म्हटलं, "वहिनी, मी बसतो." बसलो. गुडघे हनुवटीला लागले, पण भरला. त्यांनी मला कुंकू लावलं, मांडीवर नारळ आणि गूळ ठेवला आणि शपथ घातली, "सर, सातपाटीच्या दारापातूर उतरायचं नाई. मधी उतरलात तर भांडं मोकळं झालं." रामकिसनने मागून ताडपत्री बांधली. निघालो.

पालघरला चौकात पोलिसाने थांबवलं. "काय भरलंय टोपात?" चिंतू म्हणाला, "आमचे सर." त्याने ताडपत्री उचलली. मी नमस्कार केला. त्याने ताडपत्री परत नीट खाली सोडली. मग म्हणाला, "जा."

पालघर ते सातपाटी रस्त्यावर किती खड्डे आहेत ते मला विचार. टोपाचं बूड गोल असतं, ताई. गाडी डावीकडे वळली की टोप उजवीकडे वळतो आणि आतला माणूस कुठेच वळत नाही, त्याचं पोट तेवढं वळतं. शिरगाव येईपर्यंत मी धरून ठेवलं. आपल्या आळीत शिरता शिरता उलटी झालीच. टोपाच्या बाहेर, देवाशपथ बाहेर! कल्हईला थेंब लागू दिला नाही. ताशेवाले थांबले. सगळी आळी जमली. मी काठावर हनुवटी टेकून पडलेलो, कपाळाला कुंकू, मांडीवर नारळ.

बाबा पुढे आले. मला वाटलं आता संपलं. त्यांनी टोपाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग माझ्याकडे. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कुनाला गाडी लागते, कुनाला बोट लागते. टोप लागलेला मानूस आमी पयला बघितला." मग आईकडे वळून, आठ दिवसांत पहिल्यांदा थेट तिच्याशी, "ह्याला बोटीवर नाय न्यायचा. समुद्र घान करील." ताई, मी टोपातच रडलो. आनंदाने.

तेवढ्यात ठमीकाकू आली. टोप बघितला आणि ओरडली, "ह्यो माजा नाय! माजा काला व्हता!" मी म्हटलं, घासला काकू. ती म्हणाली, "खून दाखव." मला वाटलं नाव दाखवावं. मी बाहेर निघालो, तो टोप फिरवला, आणि नेमकी तेव्हाच उष्टी हळद घेऊन मिथुनकडची मंडळी आली. पुढे कोण? माहीमची मंगळीआत्या. तिने चष्मा लावला, ठिपके वाचले आणि हातातली परात खाली ठेवली.

"ठमे, ह्यो माजा टोप."

मी वाकून ठिपके पुन्हा वाचले. मंगळीच होतं.

काकू खाली बघत म्हणाली, "देनारच व्हते."

"कवा? तुज्या लेकाच्या बारशाला नेलास. त्याचा लेक आता दाढी करतो!"

"मंगळे, रिकामा कसा देऊ? आदी भात घालून देनार व्हते, तवा घरात तांदूल नव्हता. मंग तांदूल आला, तवा लाज वाटाया लागली, का इतक्या उशिरा नुसता तांदूल कसा द्यावा. मंग दर वर्सी लाज मोठी झाली, आनि टोप तेवढाच ऱ्हायला."

मंगळीआत्या म्हणाली, "तुला दिलेला इसरून मी त्या टोपापायी भंगारवाल्याला चोर म्हनले. त्यो बिचारा मेला पन." आणि मग, ताई, ती हसायला लागली. पोट धरून. काकूही. दोघी टोपाच्या दोन कडा धरून हसत होत्या, मला कुणी पाणीसुद्धा देईना. शेवटी आत्या म्हणाली, "आज भात ह्याच्यात होऊ दे. उद्या भरून माज्या दारात. आनि आता तोंड उघड, पोरगी आत वाट बघते."

तू आतून पहिला धवला ऐकलास तो हाच. काकूचा आवाज कापत होता तो भक्तीने नव्हे, हसण्याने.

मिथुनभावोजींना विचार, कान दुखतो का. थोडा वेळ बॉरो केला होता, जागच्या जागी परत केलाय.

खरे सर आलेत. त्यांनी वर्गाला विचारलं, काय काय शिकलात? रामकिसन उभा राहिला आणि म्हणाला, "आय बॉरोड ए पॉट फ्रॉम सर. सर बॉरोड फ्रॉम काकू. काकू बॉरोड फ्रॉम आत्या. नोबडी लेंड." सर म्हणाले, शेवटचं वाक्य चुकलं. वर्ग म्हणाला, नाही चुकलं. मला पुन्हा पंख्यांवर घेतलंय, पण सोमवारी शंकांचा तास माझा.

राहीबाईंच्या भावाने ज्वारी आणली. उशिरा का होईना. त्यांनी तुझ्यासाठी धपाटे केलेत, स्टीलच्या डब्यात. शनिवारी बाबा बोईसरला इंजिनाचा पार्ट घ्यायला येणार आहेत, त्यांच्याकडे देतो. डबा राहीबाईंचा आहे, वर नाव आहे. डबा परत पाठव.

तुझा,
भावेश


दातिवरे,
सोमवार, १० मार्च

भाव्या,

धपाटे मिळाले. मी दोन खाल्ले, बाकीचे मिथुनने. कान ठीक आहे, तो मुद्दाम धरून बसतो आणि माझ्याकडून चहा मागतो.

मंगळीआत्याकडे टोप गेला, भातासकट. परवा आत्या इथे आली होती. तिने भात काढून टोप घासला आणि आता तिच्या शेजारणीने लग्नासाठी मागितलाय. मी म्हटलं, "आत्या, नाव नीट दाखवून द्या." ती म्हणाली, "नाव व्हतंच की गं तवा पन."

विरजणाचं उत्तर सापडलं. सासूबाईंनी इथलं दही लावायला मला आईकडून चमचाभर आणायला सांगितलं होतं, लग्नाच्या सामानातच. ते इथे लागलं. तिकडचंही आईकडे आहेच. म्हणजे गेलंही आणि राहिलंही. इंग्रजीत त्याला शब्द नाही. सोमवारी वर्गाला सांग, आणि माझं नाव सांग.

मला लेंड की गिव्ह, ते मी आता विचारत नाही. इथे बरं आहे. खाडीवर वारा चांगला आहे. पण तुझ्याबद्दल मी बाबांशी बोलले. ते म्हणाले, "त्याला बोटीवर नाय न्यायचा, बरोबर. पन बोईसरला दिला असं कुनी समजू नका." तेव्हा लक्षात ठेव, सर. तुला आम्ही बोईसरला लेंड केलंय. गिव्ह नाही.

आता डबा. घासून, पुसून कपाटावर ठेवलाय. राहीबाईंना मी तो रिकामा देणार नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही. त्यात काय भरायचं ते अजून ठरलेलं नाही. सासूबाई नारळाच्या वड्या म्हणतात, मी चिकू म्हणते, मंगळीआत्या म्हणते घाई कशाला. ठरायला वेळ लागेल.

दोन कपडे जास्त घेऊन ये.

ताई